पाऊस बघून धबधबा निवडा: सातारा जिल्ह्यातल्या पावसाळी भटकंतीची आखणी

साताऱ्याच्या धबधब्यांना येणारे बहुतेक लोक आधी सुट्टी ठरवतात, मग जागा, आणि पावसाचा विचार सगळ्यात शेवटी करतात. हा क्रम उलटा करा. आधी पाऊस, मग धबधबा, मग वार. ठोसेघरला जो पाऊस लागतो तो वजराईला चालत नाही, आणि ज्या दिवशी सडावाघापूरला जायला हवं त्या दिवशी लिंगमळ्याला धुक्याशिवाय काही दिसत नाही. हे जमलं की एका दिवसात एकच धबधबा बघितला तरी मन भरतं. नाही जमलं तर चार ठिकाणी फिरून चार वेळा पांढरा ढग बघायचा.

पहिलं काम: नक्षत्र आणि आकडे

जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो, पण तेव्हा धबधब्यांची घाई करू नये. महिनोन् महिने तापलेला सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, त्यावरचा जांभा दगड आणि खालची माती आधी पाणी पिऊन घेते. आर्द्रा नक्षत्रात ओढे वाहते होतात. खरा जोर येतो तो तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रात, साधारण ५ जुलै ते २ ऑगस्टच्या दरम्यान. हा काळ सर्वांत देखणा आणि सर्वांत धोक्याचा. घाटात दरडी पडतात त्या याच दिवसांत. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून माणसं गेली. इथल्या डोंगरी गावांसाठी ही जुनी गोष्ट झालेली नाही, हे पाहुण्यांनीही ध्यानात ठेवायला हवं.

मला विचाराल तर आश्लेषा आणि मघा, म्हणजे ऑगस्टचा बहुतेक महिना, सगळ्यात चांगला. धबधब्यांना पाणी भरपूर असतं आणि मधूनच तासाभराची उघडीप मिळते. सप्टेंबरात धारा बारीक होतात, पण पाणी नितळ असतं आणि कासच्या पठारावर फुलं सुरू झालेली असतात. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर सप्टेंबरच धरा.

हे झालं महिन्याचं. दिवस ठरवायला आमच्याकडं एक सोपी रीत आहे. पावसाळ्यात स्थानिक वर्तमानपत्रांत रोज कोयना धरणाच्या पाणीसाठ्यासोबत तीन ठिकाणांचे पावसाचे आकडे छापून येतात: कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर. शेतकरी, धरणाखालची गावं, भाजीवाले, सगळे ते वाचतात. तुम्हीही निघण्याआधी तीन-चार दिवस हे आकडे बघत जा. तिन्ही ठिकाणी रोज शंभर मिलिमीटरच्या वर पडत असेल तर फक्त लांबून बघायचे धबधबे. वीस ते साठच्या दरम्यान असेल तर पायवाटेने जायचे धबधबे चालतात. सलग चार-पाच दिवस दहाच्या आत असेल तर धबधबा सोडा, पठारावर भटका. ही सरकारी मोजपट्टी नव्हे, माझा अंदाज आहे. पण सहल फुकट जाऊ नये म्हणून तो पुरेसा पडतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. छापलेला आकडा आदल्या २४ तासांचा असतो. पुढच्या २४ तासांसाठी हवामान खात्याचा इशारा बघायचा. पिवळ्या इशाऱ्यात सावध राहून जाता येतं. केशरी असेल तर घाटमाथ्यावर जाऊ नका. लाल असेल तर घरातून निघूच नका. हवामान खात्याच्या भाषेत दिवसाला ६४.५ मिलिमीटरपासून पुढं ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या पुढं ‘अत्यंत जोरदार’ पाऊस. असे इशारे असले की जिल्हाधिकारी धबधब्यांवर बंदीचा आदेश काढतात. तो आदेश आहे का, हे आदल्या रात्री आणि निघताना पुन्हा एकदा बघून घ्या.

दुसरं काम: कोणत्या पावसाला कोणता धबधबा

*जोराच्या पावसात: ठोसेघर.* सातारा शहरातून बोगद्याच्या बाजूने सज्जनगडाचा रस्ता धरायचा. गडाचा फाटा मागे टाकून बोरणे घाट चढला की ठोसेघर. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर. इथं वनविभागाने समोरच्या कड्यावर प्रेक्षक गॅलरी बांधली आहे. धबधबा दरीपलीकडं आणि तुम्ही कठड्याच्या आत, त्यामुळे पाण्याचा जोर कितीही असला तरी तो सुरक्षितपणे बघता येणारी जिल्ह्यातली ही सगळ्यात चांगली जागा. मोठा आणि छोटा असे दोन धबधबे आहेत. मोठ्याची धार दरीत इतकी खोल जाते की तळ दिसत नाही, तुषारांचा धूर तेवढा वर येतो.

गॅलरीत पोचलात आणि समोर नुसतं धुकं असलं तर मागे फिरू नका. अर्धा-पाऊण तास थांबा. आधी आवाज स्वच्छ होतो, मग दरीच्या उजव्या-डाव्या कडांचे काळे पट्टे दिसू लागतात, आणि मग अचानक सगळी धार वरपासून उघडी पडते. दोन-तीन मिनिटं. पुन्हा धुकं. मोबाइल आधीच काढून ठेवलेला असला पाहिजे, आणि खरं सांगायचं तर पहिल्या उघडिपीला मोबाइल खिशातच असू द्या.

पुढं चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार आहे. वारा असेल तर तिथं उभं राहणं अवघड. परतताना सज्जनगडावर समर्थ रामदासांच्या समाधीचं दर्शन घेता येतं. दुपारी महाप्रसाद असतो. पायऱ्या ओल्या असतात, सावकाश चढा. बोरणे घाटात मात्र फोटोसाठी गाडी थांबवू नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये याच घाटात सेल्फी काढताना एक तरुणी दरीत पडली होती. होमगार्ड आणि गावकऱ्यांनी दोरीने खाली उतरून तिला वर काढलं. तेव्हाही पर्यटनस्थळांवर बंदी होतीच.

*उघडीप मिळेल तेव्हा: भांबवलीचा वजराई.* माझा सगळ्यात आवडता. साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कास, कास तलाव, तिथून पुढं भांबवली. तीन टप्प्यांत मिळून या धबधब्याची उंची सुमारे ५६० मीटर सांगितली जाते आणि देशातल्या सर्वांत उंच धबधब्यांत तो गणला जातो. उरमोडी नदीचा उगम इथलाच.

तीन टप्पे का, हे बघायचं असेल तर धारेकडं न बघता शेजारच्या कातळाकडं बघा. सह्याद्रीचा हा भाग लाव्हारसाच्या एकावर एक थरांनी बनलेला. भाकऱ्यांची चवड रचावी तसे आडवे थर. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर पाण्याने आधी झिजतो, वरचा कठीण थर पुढं आलेला राहतो, आणि पाणी त्याच्या काठावरून पुढच्या टप्प्यात उडी घेतं. जिथं धार थांबल्यासारखी वाटते आणि पुन्हा सुटते, तिथं थर बदललेला असतो.

इथं गाडी वर लावून झाडीतल्या वाटेने चालावं लागतं. वाट दाट जंगलातून जाते, पायऱ्या आणि कठडे आहेत, तरी चिखल असतोच. वनविभाग आणि गावाची समिती मिळून इथली व्यवस्था बघतात आणि प्रवेशशुल्क घेतात. सुटे पैसे जवळ ठेवा, कारण रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत. जाताना उतार असल्यामुळे वेळ कळत नाही. परतीचा चढ धरून दोन ते अडीच तास हाताशी असू द्या आणि दुपारी तीननंतर खाली उतरू नका.

कास परिसरात एकीव आणि परळी खोऱ्यात केळवली-सांडवली असे आणखीही धबधबे आहेत. तिथं लोक थेट पाण्यात उतरतात आणि दोन्हीकडं जीव गेलेले आहेत. पहिल्यांदा येणाऱ्याला मी ही नावं सुचवत नाही.

*पाऊस कमी, वारा जास्त: सडावाघापूर.* पाटण तालुक्यातलं हे पठार ‘उलट्या धबधब्या’साठी ओळखलं जातं. तारळे-पाटण रस्त्यावर आहे. कोकणाकडून येणारा वारा कड्याला आदळून वर उसळतो आणि कड्यावरून पडणारी बारीक धार उचलून पुन्हा पठारावर फेकतो. म्हणजे इथं दोन्ही गोष्टी हव्यात: वारा जोरात आणि धार बारीक. पाणी फार वाढलं तर ते वाऱ्याला जुमानत नाही, सरळ खाली पडतं. वारा पडला तर नुसता ओहोळ दिसतो. म्हणून इथं जोराच्या पावसाच्या दिवशी न जाता अधूनमधून सरी आणि सोसाट्याचा वारा असेल तेव्हा जावं. धोका इथला वेगळा. कडा गवताने झाकलेला असतो आणि कुठं जमीन संपते ते धुक्यात कळत नाही. लोखंडी कठडा असेल तिथंच उभं राहा. छत्री तर उघडूच नका, वारा छत्रीसकट माणसाला ओढतो.

*कऱ्हाड-सांगलीकडून येणाऱ्यांसाठी: ओझर्डे.* सांगली, मिरज, इस्लामपूरच्या लोकांनी सातारा गाठण्यापेक्षा कऱ्हाडहून पाटणमार्गे कोयनानगर धरावं. कऱ्हाडपासून साठेक किलोमीटर. तिथून धरणाच्या कडेकडेने नवजा आणि मग ओझर्डे धबधबा. नवजा हे राज्यात सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी एक, कितीतरी वर्षी महाबळेश्वरलाही मागे टाकतं. धबधबा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे, त्यामुळे वनखात्याच्या चौकीवर नोंद आणि शुल्क. आत दारू, प्लास्टिक, गाणी काही चालत नाही, आणि चालू नयेच. पायऱ्यांची वाट आहे. जळवा लागतात. घाबरायचं कारण नाही, पण मोजे पॅन्टवर ओढून घ्या आणि मिठाची पुडी खिशात ठेवा.

*महाबळेश्वरचं* थोडक्यात सांगतो, कारण तिथं वाट दाखवायला सगळेच आहेत. वेण्णा नदीवरचा लिंगमळा बघायचा तर ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबर. जुलैत तिथं दिवसदिवस धुकं हलत नाही. पाचगणीजवळ रस्त्यावरून समोरच्या कड्यावर दिसणारा भिलारचा धबधबा त्या मानाने लवकर दिसतो. मेढ्याहून केळघर घाटाने जाणार असाल तर दरडीची चौकशी करून निघा.

तिसरं काम: दिवसाची आखणी

एका दिवसात एक मोठा धबधबा आणि त्याच्या वाटेवरचं एखादं ठिकाण, एवढंच. ठोसेघर-सज्जनगड एक दिवस. कास-वजराई एक दिवस. ओझर्डे-कोयनानगर एक दिवस. ठोसेघर आणि वजराई एकाच दिवशी करायचं तर दोन्ही वेळा साताऱ्यात खाली यावं लागतं आणि निम्मा दिवस घाटात जातो.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच. नाहीच टळला तर सकाळी सातच्या आत सातारा सोडा. यवतेश्वर घाटात रविवारी अकरानंतर गाड्यांची रांग लागते आणि कासच्या रस्त्याला वळायला जागा नसते. पुण्याहून येणाऱ्यांना खंबाटकी घाटाचा वेळ धरावा लागेल. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की सातारा स्टेशन शहराबाहेर आहे, तिथून रिक्षाने बसस्थानक गाठावं लागतं. सज्जनगड, ठोसेघर, कास-बामणोलीकडं एसटी जाते, पण फेऱ्या कमी. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ जातानाच कंडक्टरला विचारून घ्या.

स्वतःची गाडी असेल तर टायरची नक्षी आणि वायपर आदल्या दिवशी तपासा. पेट्रोल साताऱ्यात किंवा पाटणला भरून घ्या, वर मिळेल या भरवशावर राहू नका. धुक्यात मोठा दिवा लावला की उजेड धुक्यावरून परत डोळ्यांवर येतो आणि होतं तेही दिसेनासं होतं. छोटा दिवा, हॉर्न, आणि रस्त्याची डावी पांढरी रेघ धरून हळू चालवायचं. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा, ब्रेकवर सगळा भार टाकू नका. संध्याकाळी कास आणि पाटण भागात गवे रस्त्यावर येतात, म्हणून अंधाराच्या आत घाट उतरलेला बरा.

पिशवीत काय घ्यायचं? चांगली पकड असलेले बूट किंवा पट्ट्याच्या सँडल; गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. रेनकोट घ्या, छत्री नको. कोरड्या कपड्यांचा एक जोड गाडीत, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. मोबाइलला जलरोधक पाकीट, नकाशा आधीच उतरवून ठेवलेला, कारण भांबवली आणि नवजा दोन्हीकडं रेंजचा भरवसा नाही. टॉर्च. प्यायचं पाणी. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर गुरं चरत असतात.

चौथं काम: पाण्यापाशी पोचल्यावर

हा भाग नीट वाचा, बाकीचं थोडंफार चुकलं तरी चालेल.

आपल्या बहुतेक धबधब्यांच्या डोक्यावर मोठी नदी नसते, असतो तो एखादा सडा. एकदा भिजला की सड्याचा कातळ आणखी पाणी धरून ठेवत नाही. वर ढग फुटल्यासारखी सर आली की ते सगळं पाणी थोड्याच वेळात कड्यावर येतं. तुम्ही खाली उन्हात उभे असाल, अंगावर थेंबही नसेल, आणि तरीही पाणी वाढू शकतं. डोक्यावरचं आभाळ बघून भागत नाही, कड्यामागचं आभाळ बघावं लागतं.

पोचल्या पोचल्या काठाजवळचा एक दगड नजरेत धरा, ज्याला पाणी जेमतेम टेकलंय असा. दर पाच मिनिटांनी तोच दगड बघा. दगड बुडाला की निघायचं, चर्चा नाही. दुसरी खूण रंगाची: पांढरं किंवा नितळ पाणी चहासारखं तांबूस होऊ लागलं की वरून नवी माती सुटली. तिसरी खूण पाला. काड्या, पानं, फांद्यांचे तुकडे एकदम वाहून यायला लागले की वरचा ओढा पात्र सोडून वाहतोय. चौथी आवाजाची. सतत ऐकू येणारा आवाज जड झाला, त्यात दगड घरंगळल्यासारखा खडखडाट आला, तर सामान गोळा करत बसू नका. पात्रापासून आडवं, उंचाकडं चढा. ओढ्याच्या पात्रातून खाली पळायचं नाही.

पाणी वाढल्यावर पलीकडं अडकलात तर पलीकडंच थांबा. पाण्याचा जोर तास-दोन तासांत ओसरतो, तेवढा धीर धरला तर सगळे घरी जातात. हात धरून साखळी करून ओढा ओलांडण्याचा प्रयत्न करू नका, एकाचा पाय सुटला की सगळी साखळी जाते.

धारेच्या थेट खाली उभं राहू नका, वरून पाण्यासोबत दगड येतात. डोहात उतरू नका. आत कपारी असतात आणि पडणारं पाणी माणसाला खाली दाबून ठेवतं, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही. कड्याच्या टोकापासून चार-पाच पावलं मागे राहा. तिथलं हिरवं शेवाळ सगळ्यांना दिसतं, पण पाय घसरतो तो काळ्या, ओल्या, स्वच्छ दिसणाऱ्या कातळावर. आधाराला फांदी धरण्याआधी ती नीट बघा, हिरवा चापडा हा विषारी साप पानांत मिसळून बसलेला असतो.

काही झालंच तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. रेंज नसेल तर एकाने रेंज मिळेल तिथवर किंवा जवळच्या वाडीत जायचं, बाकीच्यांनी जागा सोडायची नाही. दरीत उतरायला दोर आणि वाट माहीत असलेली माणसं गावातच असतात.

गावातून जाताना

जुलैत या गावांत भातलावणी चालू असते. खाचराच्या बांधावर फोटोसाठी चढू नका, बांध फुटला तर लावलेलं भात वाहून जातं आणि तो बांध पुन्हा पावसात उभं राहूनच घालावा लागतो. गाडी लावताना बैलजोडी, ट्रॅक्टर जाईल एवढी वाट सोडा. लावणी करणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. ‘मावशी, काढू का?’ एवढं विचारायला काही लागत नाही.

जेवण गावातच घ्या. ठोसेघरला भजी, चहा, भाजलेली कणसं मिळतात. भांबवली आणि कोयना भागात आधी सांगितलं तर नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा असं ताट घरगुती मिळतं. जातानाच सांगून जा म्हणजे परत येईपर्यंत चूल पेटलेली असते. वेष्टनं, बाटल्या, ओले कपडे बांधायच्या पिशव्या परत साताऱ्यात आणा. वरच्या गावांत कचरा उचलायला घंटागाडी येत नाही, टाकलेलं सगळं त्याच ओढ्यातून उरमोडीत किंवा कोयनेत जातं.

ऐनवेळी बंदी आली तर

सातारा गाठलं आणि वर जाणं बंद झालं, असं होतंच. पोलिसांशी वाद घालून किंवा आडवाटेने जाऊन काही मिळत नाही. अशा दिवशी संगम माहुलीच्या घाटावरही जाऊ नका. कृष्णा-वेण्णेचं पाणी तेव्हा पायऱ्या चढत असतं. महामार्गालगत लिंब गावाजवळची बारा मोटेची विहीर बघा. अठराव्या शतकातली अष्टकोनी विहीर, आत दगडी महाल, आणि वर मोटा चालायच्या त्या जागा अजून शाबूत. पायऱ्या निसरड्या असतात, भिंतीचा आधार घेत उतरा. तिथून शहरात येऊन कंदी पेढे घ्या आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नवजाचा आकडा बघून पुढचा बेत ठरवा.